परदेशगमनाची शिदोरी

देशाटनाने बुद्धी व्यापक होते, ही गोष्ट आमच्या पूर्वजांस ठाऊक नव्हती असे नाही. काशी, पैठण यांसारख्या विद्येच्या पेठांकडे पायी चालत जाणारे विद्यार्थी या देशात शेकडो वर्षे होऊन गेले. परंतु याच देशात पुढे असा काळ आला की, समुद्र ओलांडला म्हणजे धर्म बुडाला असे लोक मानू लागले, आणि विलायतेहून विद्या संपादून आलेल्या मनुष्यास आपल्याच ज्ञातिबांधवांच्या पंक्तीस बसण्यासाठी प्रायश्चित्त घ्यावे लागे. आज ते दिवस गेले, हे चांगलेच झाले. पण तराजूचे पारडे आता अगदी दुसऱ्या बाजूस झुकले आहे. ज्याच्या घरचा मुलगा परदेशी, त्याचा गावात मान मोठा. ज्याची मुलगी परदेशी विद्यापीठात, त्याच्या भाग्याची चर्चा पारावर. एके काळी जे पातक होते तेच आज भूषण झाले आहे, आणि दोन्ही वेळा विचार मात्र कमीच झाला, असे आम्हांस वाटते.

आमच्या बीड जिल्ह्यातही हा प्रश्न आता घरोघर येऊ लागला आहे. दहावीचा निकाल लागला की पालक शाळेत येतात आणि पुढची वाट विचारतात. त्यांतील काहींच्या तोंडी जर्मनी, इंग्लंड, अमेरिका ही नावे असतात. अशा वेळी दोन पक्ष पडलेले दिसतात. एक पक्ष म्हणतो, "जाऊ द्या, मुलाचे कल्याण होईल." दुसरा म्हणतो, "पाठवू नका, गेलेला परत येत नाही." आमच्या मते दोन्ही पक्षांचे भांडण चुकीच्या ठिकाणी लागले आहे. जावे की न जावे, हा खरा प्रश्न नव्हे. जाताना बरोबर काय न्यावे, हा खरा प्रश्न होय. प्रवासास निघालेल्या मुलास आई शिदोरी बांधून देते. परदेशास जाणाऱ्या विद्यार्थ्याची शिदोरी कोणती असावी, याचाच विचार आम्ही येथे करणार आहो.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, विद्येसाठी परक्या मुलखात जाणे ही आमच्या भागास नवी गोष्ट नाही. १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. या संस्थानात उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले आणि तेथील शिक्षणाची भाषा उर्दू होती. एका देशी भाषेत उच्च शिक्षण देण्याचा तो एक मोठा प्रयोग होता, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परंतु ज्या मुलाच्या घरी मराठी, ज्याच्या बाजारात मराठी, त्याला कॉलेजच्या दारात पाऊल टाकताच भाषेची नदी उतरून जावे लागे. ज्यांना ते नको होते ते सरहद्द ओलांडून पुण्यास किंवा इतरत्र इंग्रजी मुलखात जात. पुढे १९३८ साली वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हटल्यावरून उस्मानिया विद्यापीठातून अनेक विद्यार्थी काढून टाकण्यात आले, तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांस आपल्याकडे घेतले. घर सोडून, परक्या गावी, ओळखदेख नसताना पुन्हा नव्याने अभ्यास मांडणारे ते तरुण परदेशी विद्यार्थ्यांहून वेगळे काय होते?

मराठवाड्यास स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९५८ सालच्या ऑगस्ट महिन्यात, औरंगाबाद येथे. आमच्या उत्तरेकडील शेजारी जो नेपाळ देश, त्याचीही गोष्ट अशीच आहे. तेथील त्रिभुवन विद्यापीठ १९५९ साली स्थापन झाले. त्यापूर्वी उच्च शिक्षणासाठी अनेक नेपाळी तरुण काशी, पाटणा किंवा कलकत्ता गाठीत. नेपाळचे पहिले लोकनिर्वाचित पंतप्रधान विश्वेश्वरप्रसाद कोइराला यांचे शिक्षण काशी व कलकत्ता येथे झाले, आणि ज्या वर्षी त्या देशात विद्यापीठ निघाले त्याच वर्षी ते पंतप्रधान झाले. एकाच वेळी आमचा मराठवाडा आणि हिमालयाच्या कुशीतील ते राज्य, दोघेही आपल्या मुलांस विद्येसाठी परमुलखात पाठवीत होते, हे किती जणांच्या ध्यानात आले असेल? तात्पर्य, ज्याच्या गावी विद्यापीठ नाही त्याला पुढचे गाव हाच परदेश. अंतर मैलांनी मोजले जाते तसे ते भाषेने, पैशाने आणि रीतिभातीनेही मोजले जाते. आणि आमच्या डोंगरपट्ट्यातील वस्तीवरून तालुक्याच्या शाळेपर्यंतचे अंतर काही मुलांस आजही फार मोठे पडते.

आता शिदोरीकडे वळू. महाराष्ट्रातून विद्येसाठी समुद्र ओलांडणाऱ्यांत ज्यांची नावे टिकली, त्यांच्या चरित्रांत आम्हांस एक समान गोष्ट आढळते. ही माणसे केवळ पदवी आणावयास गेली नव्हती. ती आपल्या घरचा, आपल्या समाजाचा एखादा जळता प्रश्न बरोबर घेऊन गेली होती.

डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचेच उदाहरण घ्या. त्यांचा जन्म १८६५ सालचा. वयाच्या नवव्या वर्षी लग्न आणि चौदाव्या वर्षी मातृत्व, असे त्या काळच्या मुलींचे प्राक्तन त्यांच्याही वाट्यास आले. त्यांचे बाळ जन्मानंतर थोड्याच दिवसांत गेले. स्त्रियांच्या दुखण्यास स्त्री वैद्य नाही आणि पुरुष वैद्यापुढे स्त्री बोलू शकत नाही, ही अडचण त्यांनी पुस्तकात वाचली नव्हती. ती त्यांच्या पाळण्याजवळ येऊन गेली होती. पती गोपाळराव हे पोस्टखात्यात नोकरीस होते. त्यांनी एका अमेरिकन मिशनऱ्यास लिहिलेले पत्र तिकडील मासिकात छापून आले, ते न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आले, आणि त्या अनोळखी बाईंनी आनंदीबाईंस आपल्या घरी ठेवून घेण्याची तयारी दाखविली. १८८३ सालच्या एप्रिलात कलकत्त्याहून निघून त्या जूनमध्ये न्यूयॉर्क बंदरात उतरल्या. निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथे भरसभेत उभे राहून त्यांनी आपण अमेरिकेस का जातो, याची कारणे इंग्रजीत सांगितली होती. अठरा वर्षांच्या मुलीस हे सांगता आले, कारण तिला ते ठाऊक होते.

फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजातून १८८६ सालच्या मार्चमध्ये त्यांस एम्. डी. ही पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय त्यांनी कोणता निवडला? आपल्याच देशातील प्राचीन प्रसूतिशास्त्र. म्हणजे तीन वर्षे त्या परक्या थंडीत, परक्या अन्नावर राहूनही, ज्या प्रश्नासाठी घर सोडले तो त्यांच्या हातून सुटला नाही. दैव मात्र कठोर निघाले. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूक झालेली असता, क्षयाने पोखरलेल्या शरीराने त्या परत आल्या आणि १८८७ सालच्या फेब्रुवारीत, बावीस वर्षेही पुरी होण्याच्या आत, पुणे येथे त्यांचे देहावसान झाले. एकाही रोग्यास इकडे औषध देण्याची संधी त्यांस मिळाली नाही. मग त्यांचे जाणे व्यर्थ गेले काय? दोनच वर्षांनी, १८८९ साली, मुंबईच्या रखमाबाई लंडनच्या स्त्री-वैद्यकीय शाळेत दाखल होण्यासाठी निघाल्या. त्या डॉक्टर होऊन परत आल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ स्त्रियांची शुश्रूषा केली. प्रश्न खरा असला म्हणजे तो एका देहाबरोबर संपत नाही. दुसरे कोणी तरी तो उचलून घेते.

दुसरे उदाहरण आमच्या मराठवाड्याशी अधिक निकटचे आहे. डॉक्टर भीमराव आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची होती. त्यांतूनच स्वतःचा खर्च चालवावयाचा आणि इकडे घरचीही चिंता वाहावयाची. १९१५ साली त्यांनी एम्. ए. ची परीक्षा दिली, पुढच्या वर्षी ते लंडनला गेले, आणि १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत सरताच अभ्यास अर्धा टाकून त्यांस परत यावे लागले. परत आल्यावर काय स्वागत झाले? बडोदे संस्थानात मोठ्या हुद्द्याची नोकरी. परंतु अस्पृश्य म्हणून त्या शहरात राहावयास जागा मिळेना, आणि ज्या ठिकाणी कसेबसे राहिले तेथूनही त्यांस बाहेर काढण्यात आले. परदेशची पदवी आणली म्हणजे गावची दारे आपोआप उघडतात, असे ज्यांस वाटते त्यांनी हा प्रसंग मनात ठेवावा.

दुसरा कोणी असता तर खचला असता. यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पैसे साठविले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य व एका मित्राचे कर्ज घेतले, आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. १९२३ साली लंडन विद्यापीठाची डी. एस्‌सी. ही पदवी त्यांस मिळाली. ज्या प्रबंधावर ती मिळाली त्याचे नावच मराठीत सांगावयाचे तर 'रुपयाचा प्रश्न' असे होते. आमच्या देशातील गरिबाच्या हातातील नाण्याची किंमत का घसरते, याचा तो शोध होता. आणि या सर्व प्रवासाचे फळ आमच्यापर्यंत कसे पोहोचले, हे सांगावयास हवे. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबाद येथे जे कॉलेज काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. बीड, परभणी, नांदेड या भागांतील ज्या घरांत तोपर्यंत पाटीपेन्सिल शिरली नव्हती, त्या घरांतील मुले तेथे पदवीधर झाली. सातासमुद्रापलीकडे शिकलेल्या एका मनुष्याने मराठवाड्याच्या माळावर दुसऱ्यांसाठी शिडी उभी केली, ती ही.

तिसरे उदाहरण रघुनाथराव परांजपे यांचे. रत्नागिरी जिल्ह्यातील मुर्डी या खेड्यातला हा मुलगा पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेला, आणि १८९९ साली गणिताच्या परीक्षेत पहिला येऊन 'सीनियर रँग्लर' झाला. हा मान मिळविणारा तो पहिला हिंदी विद्यार्थी. त्या वेळी त्यांस सरकारी खात्यात मोठ्या वेतनाची जागा सहज मिळती. परंतु जाण्यापूर्वीच त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीस वचन दिले होते. त्याप्रमाणे ते परत आले आणि दरमहा पंचाहत्तर रुपयांच्या वेतनावर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. हे वचन त्यांच्याकडून कोणी न्यायालयात लिहून घेतले नव्हते. ते त्यांनी आपल्या शिदोरीत बांधून नेले होते, इतकेच.

या तीन उदाहरणांवरून कोणी असे समजू नये की, परदेशात धोका नाहीच. धोका आहे, आणि तो थंडीचा किंवा अन्नाचा नाही. जपानमधील त्सुदा उमेको या बाईंचे चरित्र या दृष्टीने बोधप्रद आहे. १८७१ साली जपान सरकारने पाश्चात्त्य देशांस जे शिष्टमंडळ पाठविले, त्याबरोबर पाच मुली शिक्षणासाठी अमेरिकेस गेल्या. त्यांत सर्वांत लहान ही उमेको, जेमतेम सहा वर्षांची. अकरा वर्षांनी ती परत आली तेव्हा आपली मातृभाषा ती जवळजवळ विसरून गेली होती, आणि आपल्याच घरात तिला परक्यासारखे वाटू लागले. पण तिने हार घेतली नाही. भाषा पुन्हा शिकली, दुसऱ्यांदा अमेरिकेस जाऊन अधिक विद्या मिळविली, आणि १९०० साली तोक्यो येथे मुलींच्या उच्च शिक्षणासाठी शाळा काढली, जी आज विद्यापीठ झाली आहे. २०२४ सालापासून जपानच्या पाच हजार येनच्या नोटेवर तिचे चित्र आहे. घरची भाषा गेली म्हणजे घरचा प्रश्नही परका होतो. आणि ती परत मिळविल्यावाचून घरच्यांचे कल्याण करता येत नाही, हे त्या बाईने ओळखले. आमच्या ज्या पालकांस मराठीची लाज वाटू लागली आहे, त्यांनी यावर थोडा विचार करावा. इंग्रजी उत्तम आलेच पाहिजे, त्याविषयी दुमत नाही. परंतु इंग्रजी ही आगगाडी होय. मराठी हे घर होय. आगगाडीत बसण्यासाठी घर मोडण्याची गरज नसते.

आता आमच्या मुलांनी कोणता प्रश्न न्यावा? बीड जिल्ह्यात प्रश्नांची वाण नाही. दसरा-दिवाळी झाली की हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात, आणि आमच्या वर्गांतील कित्येक बाक उन्हाळ्यापर्यंत रिकामे राहतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. त्या मोजणीत मुलाची शाळा कोठेच येत नाही. ऊस तोडणाऱ्या स्त्रियांत गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया इतक्या आढळल्या की, २०१९ साली राज्य शासनास त्याच्या चौकशीसाठी समिती नेमावी लागली. आनंदीबाईंनी जो प्रश्न अमेरिकेस नेला, तो सव्वाशे वर्षांहून अधिक काळानंतर आमच्या फडात असा उभा आहे. ऊस यंत्राने तोडला तर लहान वाफ्यांत यंत्र कसे चालावे, आणि यंत्र आल्यावर कोयत्याच्या हातास काम कोणते द्यावे, हे यंत्रविद्येचे व अर्थशास्त्राचे प्रश्न आहेत. सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीत पडलेल्या या मुलखात जमिनीखालचे पाणी किती आहे आणि किती उपसावे, हा भूगर्भशास्त्राचा प्रश्न आहे. बालाघाटाच्या डोंगरातील सीताफळ गोडीस अद्वितीय. २०१६ साली त्यास भौगोलिक मानांकन मिळाले. पण ते पिकले की चार दिवसांत हातात विरघळते. त्याचा गर टिकवावा कसा, हा रसायनशास्त्राचा प्रश्न आहे. बालमित्रांनो, यांतील प्रत्येक प्रश्नावर जगातील कोठल्या ना कोठल्या विद्यापीठात कोणी तरी काम करीत आहे. त्या प्राध्यापकासमोर तुम्ही जेव्हा आपल्या गावच्या विहिरीचे किंवा आपल्या आईच्या कामाचे अचूक वर्णन ठेवाल, तेव्हा तुम्ही याचक म्हणून उभे नसाल. जे त्यास ठाऊक नाही ते तुम्हांस ठाऊक असेल.

येथे कोणी पालक म्हणतील, "हे सर्व खरे, पण पैशाचे काय?" हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर स्पष्ट दिले पाहिजे. आमच्या भागातील लोकांस 'उचल' हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. मुकादमाकडून हंगामापूर्वी उचल घेतली म्हणजे पुढचा सबंध हंगाम ती फेडण्यात जातो, आणि पुष्कळदा ती फिटतच नाही. जमीन गहाण टाकून, वाटेल त्या व्याजाने कर्ज काढून, कोणत्या तरी दलालाच्या सांगण्यावरून, ज्याचे नाव कोणी ऐकले नाही अशा कॉलेजात मुलास पाठविणे ही देखील एक उचलच होय. त्या मुलाची सारी बुद्धी तेथे अभ्यासात न जाता हप्त्यात जाते. अशा जाण्यास आमची संमती नाही, मग ते कॉलेज कितीही दूरच्या देशात असो.

पण जे मार्ग उघडे आहेत ते शोधलेच पाहिजेत. केंद्र सरकारची परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ सालापासून चालू आहे. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज यांच्या नावाची शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. आदिवासी, इतर मागास व भटक्या-विमुक्त वर्गांतील विद्यार्थ्यांसाठीही शासनाच्या योजना आहेत. जमशेटजी टाटा यांनी १८९२ साली स्थापिलेला निधी उच्च शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो. पुढे भारताचे राष्ट्रपती झालेले के. आर. नारायणन त्याच निधीच्या साहाय्याने लंडनला शिकले. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीचे शुल्क घेत नाहीत. राहण्याखाण्याचा खर्च मात्र पदरचा करावा लागतो, आणि तो आधी दाखवावा लागतो. या सर्व ठिकाणी गुण पाहतात, इंग्रजी पाहतात, आणि एक गोष्ट हटकून विचारतात: तुम्हांस हे शिक्षण कशासाठी हवे? ज्याच्या शिदोरीत प्रश्न आहे त्याचे या ठिकाणी अडत नाही. ज्याच्याजवळ केवळ हौस आहे त्याची लेखणी तेथेच थांबते.

मुलींच्या पालकांस दोन शब्द वेगळे सांगावेसे वाटतात. मुलगा परदेशास जाण्याचा विचार निघतो तेव्हा पैशाची चर्चा होते. मुलीचा निघतो तेव्हा लग्नाची होते. १८८३ साली, तारायंत्रावाचून दुसरे शीघ्र साधन नसताना, अठरा वर्षांची विवाहित मुलगी दोन महिन्यांचा जलप्रवास करून गेली. आज बोलावे तेव्हा मुखदर्शन घडते, आणि तरीही आमच्या मुली बारावीच्या पुढे जिल्ह्याच्या गावी ठेवण्यास आम्ही कचरतो. ऊसफडातील स्त्रीचे दुखणे समजून घेणारी डॉक्टर जर आमच्याच घरातून निघावयाची असेल, तर तिला दहावीनंतर घरी बसवून ती कशी निघेल?

आता शेवटचा आक्षेप. "इतके करून मुलगा तिकडेच राहिला तर?" आम्ही यास भिऊन दार लावून घ्यावे, असे आम्हांस वाटत नाही. सर्वांनीच परतले पाहिजे असा कायदा करता येत नाही, आणि केला तरी त्याने मने परत येत नाहीत. देह कोठे आहे यापेक्षा ऋण आठवते की नाही, हे पाहावे. ज्या जिल्ह्याच्या करातून त्याची शाळा चालली, ज्या बाईंनी त्यास पाढे शिकविले, ज्या बहिणीने आपले शिक्षण सोडून त्याचा डबा केला, त्यांचे ऋण चंद्रावर गेले तरी सुटत नाही. जो तेथे राहूनही गावच्या दोन मुलांस वाट दाखवितो, तो परत आल्यासारखाच आहे. आणि जो येथेच राहून गावाकडे पाठ फिरवितो, तो कधीच निघून गेला आहे. मात्र इतके निश्चित की, ज्याने जाताना गावचा प्रश्न नेला नाही त्यास परत येण्याचे कारणही राहात नाही. म्हणून परतण्याची काळजी विमानतळावर करू नये. ती आठवीच्या वर्गातच करावी.

तसेच, परदेशास जाणे हीच विद्येची एकमेव वाट, असेही कोणी समजू नये. आमच्याच अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. स्वामीजी स्वतः एके काळी त्याच गावी योगेश्वरी शाळेत शिक्षक होते. २०२५ सालच्या सप्टेंबरात बीड व अहिल्यानगर यांच्यामध्ये आगगाडी सुरू झाली, आणि कित्येक वर्षे ज्या रुळांची वाट पाहिली ते रूळ आमच्या शहरास जगाशी जोडून गेले. पण रूळ दोन्ही बाजूंनी चालतात. त्यांवरून आमची मुले जातील तसे जगातील ज्ञानही आमच्याकडे आले पाहिजे, आणि ते आणणारी माणसे आमच्याच वर्गांतून तयार झाली पाहिजेत.

विद्यार्थिमित्रांनो, या सुट्टीत एवढे करा. एक कोरी वही घ्या. तीत आपल्या गावात तुम्हांस ज्याचे उत्तर मिळाले नाही असा एक प्रश्न रोज लिहा. विहीर फेब्रुवारीतच का आटते? शेजारच्या काकूंस दरसाल तोडीवरून आल्यावर दुखणे का येते? सीताफळ मुंबईपर्यंत का पोहोचत नाही? घरच्या वडील माणसांस विचारा. त्यांच्याजवळ पदवी नसली तरी माहिती पुष्कळ असते. शाळा उघडल्यावर ती वही आपल्या शिक्षकांस दाखवा, आणि त्यांतील जो प्रश्न तुमची झोप मोडतो त्याच्याखाली रेघ ओढा. पालकांस आमची विनंती अशी की, त्यांनी ही वही फुकट वेळ घालविणे समजू नये. पुढे ती वही पुण्यास जावो, बर्लिनला जावो, की अंबाजोगाईलाच राहो, ज्याच्याजवळ ती असेल तो कोठेही परका होणार नाही.